दामोदररावांचे पौंड

"आज भारी उकडून राहिलं बाप्पा," असं दामोदररावांच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात कोणी बोलू नये, हे आमच्या ओळीत नव्या बिऱ्हाडाला आल्या आल्या सांगितलं जायचं. कारण ते ऐकलं की हा माणूस सायकलवरून खाली उतरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "कोणत्या मापात?"

मग तुमची सुटका नाही. 'भारी', 'फार', 'थोडं', 'जरासं' हे शब्द त्यांना चालतच नसत. एकदा लग्नाच्या पंगतीत कोणीतरी वाढप्याला म्हणालं, "थोडं वरण वाढ." दामोदरराव शेजारच्या पाटावरून वाकले नि म्हणाले, "कोणत्या मापात?" वाढपी आमगावचा, माझ्या माहेरचा. त्यानं पळीभर ऊन ऊन वरण सरळ त्यांच्याच पानात ओतलं आणि म्हणाला, "या मापात." मला माहेरचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

मला हा माणूस आवडत नसे, हे आधीच सांगून टाकते. तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. आम्ही गोंदियात एका राइस मिलच्या मागच्या ओळीत राहायचो. आमचे हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. शेजारच्या बिऱ्हाडात दामोदरराव आणि त्यांची बायको वत्सला. दामोदरराव मिलच्या बॉयलरवरचे इंजिनिअर. नागपूरला परीक्षा देऊन आलेले, आणि ती परीक्षा गोंदियात दुसऱ्या कोणी दिलेली नाही हे रोज नव्यानं आठवणारे. आमच्या नि त्यांच्या अंगणांच्या मध्ये एक बुटकी भिंत. म्हणजे मिलची राख आमच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर आणि त्यांचं गणित माझ्या डोक्यावर, दोन्ही न मागता पडायचं.

माप कोणतंही असो, त्यांना आवडायचं. पण खरा जीव होता तो दाबाच्या मापावर. एक इंच लांब, एक इंच रुंद एवढ्या जागेवर किती पौंडांचा भार पडतो, तो दाब. हे मला माहीत आहे, कारण माहीत करून न घ्यायची सोयच नव्हती. मी अंगणात तांदूळ निवडायला बसले की भिंतीवर चष्मा उगवायचा.

"वैनी, इंग्रज दाब पौंडात मोजते. जर्मन किलोत मोजते. कोणी कोणी हवेत मोजते. एक हवा म्हणजे पावणेपंधरा पौंड. अन् डॉक्टर लोक पाऱ्यात मोजते."

"मोजू द्या की," मी म्हणायची.

"मोजू द्या कसं? एकाचा आकडा दुसऱ्याला समजला नाही तर जीव जाईल ना माणसाचा."

मला तांदळातले खडे दिसत नव्हते, आणि हा माणूस जर्मनांची काळजी करत होता.

मिलमध्ये तर यांनी कहरच केला. मंगरू नावाचा हमाल होता, सालेकशाच्या जंगलाकडचा. पाठीवर तांदळाचं पोतं घेऊन चालला होता बिचारा आपल्या तंद्रीत. दामोदररावांनी त्याला अडवलं.

"मंगरू, तुले वाटते तू एक पोतं उचलून राहिला. पण तुझ्या डोक्यावर हवा हाये. इंचाला पावणेपंधरा पौंड. टाळूचा हिशेब धरला तर पावणेतीन पोते होते. तू पावणेचार पोते घेऊन चालून राहिला."

मंगरूनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पोतं खाली ठेवलं, त्याच्यावर बसला, कानामागची बिडी काढली आणि म्हणाला, "मंग सायेब, पयले हवा उतरवा. पोतं मी नेतो."

बाकीच्या हमालांनीही पोती खाली ठेवली. धक्क्यावर वॅगन उभी, आणि इकडे सगळे हवा उतरायची वाट बघत बसलेले. शेवटी मिलचा शेठ स्वतः गादीवरून उठून आला. "बाबूजी," तो म्हणाला, "आप भाप बनाओ, पाठशाला मत चलाओ." शेठबद्दल माणूस म्हणून माझं मत चांगलं नव्हतं, पण हे मात्र तो बरोबर बोलला.

त्यानंतर ती घडीची भानगड झाली. बॉयलरवर दाब दाखवणारी जी गोल तबकडी असते तिला मिलमधली माणसं घडी म्हणायची. जुन्या घडीची काच फुटली आणि लढाईमुळे तशी नवी मिळेना. शेठनं कलकत्त्याहून कुठून तरी वापरलेली मागवली. ती निघाली जर्मन, किलोची. जुन्या घडीवर काटा सत्तरवर गेला की भट्टीवाला भट्टीत भाताचं तूस टाकणं थांबवायचा. नव्या घडीवर तोच दाब पाचवर दिसायचा. दामोदररावांनी हे भट्टीवाल्याला समजावून सांगितलं होतं. पौंड, किलो, हवा, पारा, सगळंच सांगितलं होतं. एवढं सांगितल्यावर त्याच्या डोक्यात काय राहणार? त्यानं बघितलं, काटा पाचवर. सत्तर कुठे नि पाच कुठे. तो बिचारा भट्टीत तूस लोटत राहिला.

मग दाब जादा झाला की वाफ सोडून देणारा वरचा व्हॉल्व्ह उडाला. असा आवाज झाला की हौदाजवळ धान उकडणाऱ्या बाया टोपल्या टाकून रेल्वे लाइनपर्यंत पळाल्या. माझं दूध उतू गेलं. कोणाला काही झालं नाही, कारण व्हॉल्व्ह शहाणा होता. पण दुसऱ्या दिवशी दामोदररावांनी बॉयलरशेजारी एक फळा टांगला. वर पौंड, खाली किलो, त्याच्या खाली हवा, आणि मंगरूसारख्यांसाठी तळहातावर किती पोती ते. सत्तर पौंडांना तळहातावर साडेपाच पोती. सर्वांत वर खडूनं ठळक लिहिलं होतं: 'आकडा लहान दिसला म्हणून दाब लहान होत नाही.' हे वाक्य त्यांनी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. भट्टीवाला ते झोपेतही म्हणायचा, असं त्याची बायको सांगायची.

आता वत्सलावैनींबद्दल सांगते. अशा माणसाला अशी बायको कशी मिळाली, हे मला कधी उमगलं नाही. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, कायम हसऱ्या. मूलबाळ नव्हतं. नवरा बोलायला लागला की त्या हातातलं काम न थांबवता "हो का?" म्हणायच्या, आणि ते "हो का" इतकं नवं वाटायचं की पौंड त्यांनी आजच पहिल्यांदा ऐकला असावा. मी एकदा म्हटलं, "वैनी, तुम्हाला कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "बाहेर त्यायचं कोण ऐकते? घरी तरी कोणी ऐकाव."

त्या उन्हाळ्यात वैनींचं डोकं ठणकायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे यायचे. एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडल्या. नागपूरहून एक तरुण डॉक्टर गावात आला होता, त्याच्याकडे रक्ताचा दाब मोजायचं नवं यंत्र होतं. लाकडी पेटी, आत उभी काचेची नळी, नळीत पारा. सोबतीला म्हणून मीही टांग्यात बसले.

डॉक्टरनं वैनींच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, नळीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "एकशे ऐंशी," तो म्हणाला.

"कोणत्या मापात?" दामोदरराव म्हणाले. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"मिलिमीटर."

"मिलिमीटर तर लांबीचं माप हाये, डॉक्टरसाहेब. दाब लांबीनं मोजता? मंग उद्या मी धोतर मोजून बॉयलर चालवतो."

"पाऱ्याचे मिलिमीटर," डॉक्टर दात आवळून म्हणाला. "आणि हे जास्त आहेत. जपलं पाहिजे. मीठ—"

पण दामोदरराव ऐकत होते कुठे? ते बोटानं भिंतीवर गणित मांडत होते. "पन्नास मिलिमीटरला एक पौंड, नीट म्हणाल तर पावणेबावन्नला. म्हणजे झाले साडेतीन पौंड." मग बायकोकडे वळून हसले. "ऐकलं का? साडेतीन. माझ्या सायकलच्या मागच्या चाकात चाळीस हायेत. याच्या दहापटीहून जास्त. तिथं काही फुटत नाई, तर इथं काय फुटते?"

वैनीही हसल्या. "हो का?" म्हणाल्या. डॉक्टर लाल झाला. आम्हाला टांग्यात बसवून दामोदरराव छत्री विसरली म्हणून परत आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते हात हलवत. छत्री त्यांनी मुळात आणलीच नव्हती. अजून थोडं भांडण राहिलं असेल डॉक्टरशी, अशी मी मनाची समजूत घातली.

नंतरचे महिने हा माणूस गावभर त्या साडेतीन पौंडांची टिंगल करत हिंडला. पानठेल्यावर, मालधक्क्यावर, मिलमध्ये. "डॉक्टर लोकायले लहान गोष्ट मोठी करून सांगाची सवय असते. एकशे ऐंशी म्हणते. अरे, साडेतीन म्हण ना." वैनी बाजूला असल्या की आवाज आणखी मोठा. बायकोच्या दुखण्याची अशी थट्टा करणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

त्यात नवं खूळ निघालं. दामोदररावांनी मीठ सोडलं. मंगरू एकदा आमच्याकडे तूस टाकायला आला तेव्हा सांगून गेला, "सायेबाच्या डब्यात मीठच नसते, बाई. लाखोळीच्या पाल्याची भाजी, तीबी अळणी. मी मिठाचा खडा देल्लो तर घेत नाई. म्हणते, मिठानं बॉयलरच्या आत खार धरते, मंग माणसाच्या आत नाई धरणार का?" मी कपाळाला हात लावला. बायको आजारी आणि हा स्वतःला बॉयलर समजून पथ्य करतो आहे.

पावसाळ्यात डॉक्टरनं पुन्हा दाब बघितला. दोनशे निघाला. त्या दिवशी दामोदरराव घरी येऊन वैनींना म्हणाले, "पाव हवा." झालं. पौंड गेले, किलो गेले, आता हवा आली. वैनींनी मला भिंतीवरून कौतुकानं सांगितलं, "बघा, साडेतीन होते, पाव झाला."

माझा पारा चढला. कोणत्याही मापात. दामोदरराव सायकल काढत होते तिथं मी गेले आणि म्हटलं, "भाऊजी, तुमच्या फळ्यावर काय लिहिलं आहे? आकडा लहान दिसला म्हणून दाब लहान होत नाही. भट्टीवाल्याकडून पाठ करून घेतलं ना तुम्ही? मग घरात काय चालवलं आहे हे? मरावं का त्या बाईनं?"

मला वाटलं, आता मान उंचावून पाऱ्याचं गणित सुरू होईल. पण त्यांनी सायकलचं मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. आणि गेले.

मला वाटलं, बरी जिरवली.

कैरीचं लोणचं मुरलं तेव्हा मी वाटीभर घेऊन वैनींकडे गेले. त्यांना माझ्या हातचं लोणचं फार आवडायचं. त्यांनी वाटी हातात घेतली, नाकापाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि माझ्या हातात परत दिली.

"आमच्या घरी मीठ नाई ना," त्या म्हणाल्या. "यायले डॉक्टरनं बंद सांगितलं."

"यांना? यांना कशाला?"

वैनी हसायला लागल्या. पदर तोंडावर धरून हसल्या. "पट्टा माझ्या दंडाला अन् पथ्य त्यायले. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मले म्हणते, डॉक्टरनं माझीबी तब्येत पाहिली, मले मीठ वर्ज्य सांगितलं, तुझं काही नाई. मंग मी घरात मीठ कशी टाकू? नवऱ्यासाठी एवढं तर करावच लागते. त्यायले वाटते, मले कळत नाई."

मी तिथंच चुलीपाशी बसले. छत्रीच्या निमित्तानं ते डॉक्टरकडे परत कशाला गेले होते, ते तेव्हा कळलं.

"मग तुम्ही त्यांना बोलून का नाही दाखवत?" मी विचारलं.

"कायले? मी घाबरू नाई म्हणून त्यायनं एवढा आटापिटा केला. मी घाबरलेली दिसली तर ते कोणाकडे पाहतीन?" मग म्हणाल्या, "वैनी, मले ते पौंड अजून समजत नाई. कधीच समजले नाई. मी त्यायचा आवाज ऐकते. आकडा सांगताना आवाज हलला नाई, म्हणजे अजून काही बिघडलं नाई. ज्या दिवशी ते नुसते गप बसतीन ना, त्या दिवशी मले भेव वाटन."

लोणच्याची वाटी घेऊन मी घरी आले. त्या दिवशी मला स्वतःच्या ताटातलं मीठ खारट लागलं. तरी दामोदरराव मला आवडायला लागले, असं समजू नका. संध्याकाळी ते भिंतीवरून मला जर्मन किलो आणि इंग्रजी पौंड यांतलं भांडण सांगायला आले, तेव्हा मी आत जाऊन दार लावून घेतलं. चांगलं वागणारा माणूस कंटाळवाणा असू नये, असं कुठे आहे?

धान कापणीला आलं होतं तेव्हा एका सकाळी वैनींच्या हातून तांब्या पडला. खाली वाकून उचलायला गेल्या तर उजवा हात उचलेना. जीभही जरा अडखळत होती. मी त्यांना आधार देऊन खाटेवर निजवलं. मंगरू धावत जाऊन डॉक्टरला घेऊन आला, आणि मिलमधून दामोदरराव आले. पायी आले. सायकल तिथंच टाकून.

डॉक्टरनं आत पट्टा बांधला. कितीतरी वेळ नळीकडे बघत राहिला. मग बाहेर पडवीत येऊन हळू आवाजात म्हणाला, "दोनशे तीस."

आमच्या घरांच्या भिंती कसल्या. हळू बोललेलंही आत ऐकू जायचं.

मी दामोदररावांकडे बघितलं. मी वाट बघत होते की आता ते माप विचारतील. त्यांनी विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि तसाच राहू दिला. हात भिंतीवर गेला, बोट टेकलं, पण बोट हलेना. आयुष्यभर ज्या माणसानं कोणाला मापाशिवाय श्वास घेऊ दिला नाही, तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "जास्त हाये, वैनी." किती, कशात, काही नाही. नुसतं जास्त.

आतून वैनींचा आवाज आला. जड, अडखळता. "किती... हाये हो?"

डॉक्टर जमिनीकडे बघत होता. मिलचा भोंगा वाजला आणि थांबला, तरी हा माणूस भिंतीला बोट लावून गप्प उभा. पुन्हा आतून आवाज आला, आता बारीक. "अवो... किती हाये?"

त्यांना भेव वाटायला लागलं होतं. मी पदर खोचला, आणि ज्या गणितापायी मी इतकी वर्षं दार लावून घेतलं तेच मांडायला घेतलं. पन्नासाला एक. दोनशे तीस. दारात उभी राहून मी मोठ्यानं सांगितलं, "साडेचार पौंड, वैनी. काही नाही त्यात. सायकलच्या मागच्या चाकात चाळीस असतात."

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, नेहमीसारखा, तक्रारीचा.

"साडेचार कसे, वैनी? तुम्ही पन्नासनं भाग देल्ला. पावणेबावन्ननं द्यावा लागते. चार पौंड सात औंस."

"हो का?" आतून वैनी म्हणाल्या.

दामोदरराव मला बाजूला सारून आत गेले. खाटेच्या डोक्याशी, उशीच्या मागे जाऊन उभे राहिले, म्हणजे वैनींना त्यांचं तोंड दिसू नये. एक हात त्यांच्या कपाळावर ठेवला.

"औंस म्हणजे काय, सांगतो तुले," ते म्हणाले. "सोळा औंसाचा एक पौंड. सात औंस म्हणजे अर्धाबी नाई झाला. वैनीनं उगाच वाढवून सांगितलं."

आवाज जराही हलत नव्हता. मी दारातून बघत होते. मेल्याच्या गालावरून टपटप पाणी गळत होतं, आणि तो बायकोला औंस समजावून सांगत होता.